कुळथाचा अर्क आणि आईचा गुडघा

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा घरातल्या पत्र्याच्या डब्यातून जी कागदपत्रे निघाली, त्यांत कडा झिजलेले एक पिवळसर कार्ड होते. त्यावर तिचे नाव, जन्मतारीख आणि 'बी पॉझिटिव्ह' हा रक्तगट बॉलपेनने लिहिलेला होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागात भरलेल्या एका रक्तदान शिबिराला ती गेली होती. हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे तिचे रक्त कोणी घेतले नाही, पण बोटाला सुई टोचून गट तेवढा पाहिला आणि कार्ड हाती दिले. तेव्हापासून आई 'बी' आहे ही गोष्ट आमच्या घरात तिच्या जन्मतारखेइतकी पक्की होती. किंबहुना थोडी अधिकच, कारण तिच्या जन्मतारखेच्या दोन आवृत्त्या आहेत.

शस्त्रक्रियेला चार दिवस उरले असताना रक्तपेढीतून फोन आला की रक्ताचा नमुना पुन्हा द्यावा लागेल. काही बिघडले आहे का, असे मी विचारले. पलीकडची तंत्रज्ञ मुलगी शांतपणे म्हणाली, "बिघडलेलं नाही, यंत्राने रक्तगट सांगितलेला नाही, एवढंच." मी गोव्यात, फोंड्याला संख्याशास्त्र शिकवते. उत्तर माहीत नसताना गप्प राहणारी माणसे मला या व्यवसायात फार थोडी भेटली आहेत, त्यामुळे गप्प राहिलेल्या या यंत्राविषयी चिंतेपेक्षा कुतूहल अधिक वाटले, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

परंतु आधी गुडघ्याविषयी. आमचे घर बांदोड्याच्या उतारावर आहे. अंगणातून रस्त्यावर यायला चिऱ्याच्या चौदा पायऱ्या उतराव्या लागतात आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरले की धडधाकट माणूसही भिंतीला हात लावून उतरतो. आईला गेली सहा वर्षे उतरताना पाऊल आडवे टाकावे लागत होते. उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्याच्या आतल्या बाजूला हाड हाडाला टेकलेले दिसत होते. मधल्या कूर्चेची जी फट काळी दिसायला हवी, ती तिथे उरलीच नव्हती. डॉक्टरांनी सगळे समजावून सांगितल्यावर आईने एकच प्रश्न विचारला, तोही कोकणीत : "डॉक्टर, सकयल बसूंक मेळटलें?"

खाली, म्हणजे जमिनीवर. आदोळीवर नारळ खवायला, चवथीच्या आदल्या दिवशी बायकांच्या घोळक्यात नेवऱ्या करायला, नागेशीच्या देवळात पंगतीला. डॉक्टरांनी तिला खोटा धीर दिला नाही. पायऱ्या उतरता येतील, रात्रीची झोप लागेल, बाजारात चालता येईल, पण जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बदललेला गुडघा साधारणपणे ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवरून उठायला किंवा जिना चढायला तेवढे पुरते; मांडी घालायला किंवा उकिडवे बसायला त्याच्या बरेच पुढे जावे लागते. आई घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

तिला राजी करण्यासाठी माझ्या भावाने वाजपेयींचा दाखला दिला. तो तिला पटण्यासारखा होता, कारण पंतप्रधानांचे गुडघे हा त्या काळी देशभर चर्चेचा विषय होता. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० साली त्यांचा डावा आणि २००१ साली उजवा गुडघा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे केवळ नामांकित शल्यविशारद नव्हते. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये इन्सॉल आणि वॉकर यांच्यासह त्यांनी जो 'टोटल कॉन्डिलर' गुडघा घडवला आणि १९७४ पासून वापरात आणला, त्याचाच वंश आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांमध्ये चालत आलेला आहे. मांडीच्या हाडाच्या टोकावर चढवलेली धातूची टोपी, नडगीच्या हाडावर बसवलेली थाळी, त्या दोहोंमध्ये टणक पॉलिथिलीनची चकती आणि सारे धरून ठेवणारे सिमेंट. तत्त्व अर्ध्या शतकात फारसे बदललेले नाही. किंमत मात्र आपल्याकडे एका दिवसात बदलली : १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल दर ठरवून दिले आणि सर्वसाधारणपणे वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, कर सोडून, ५४,७२० रुपयांवर आला. त्याआधी त्याला दीड लाखाहून अधिक मोजावे लागत.

दाखला पटवायला भावाने घेतला, आकडे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. या विषयावरचे संशोधन वाचताना प्रथम जाणवते ते असे की गुडघा 'यशस्वी' झाला म्हणजे काय, याचे उत्तर कोणाला विचारावे यावर बराच काळ एकमत नव्हते. स्वीडनने १९७५ साली बदललेल्या गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियाची १९९९ ची, इंग्लंड आणि वेल्सची २००३ ची. (आपल्याकडे शल्यविशारदांची संघटना अशा नोंदी ठेवते, पण त्या स्वेच्छेच्या.) नोंदवहीतला प्रश्न साधा आणि कठोर असतो : बसवलेला सांधा पुन्हा काढून बदलावा लागला का? याच पद्धतीने ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अंदाज आता जगभर सांगितला जातो, की संपूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. सांधा बनवणाऱ्याच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीनेही दिलाशाची. वय मात्र लक्षात घ्यावे लागते : २०१७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास निघाली, तर पन्नाशीच्या सुरुवातीलाच गुडघा बदलून घेतलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. आई एकाहत्तर वर्षांची. (किंवा बहात्तर.)

तरीही 'टिकला' या शब्दाने माझे समाधान होईना. गुडघा दुखतो आहे, पण रुग्ण पुन्हा टेबलावर जायला तयार नाही किंवा डॉक्टर पुन्हा कापायला तयार नाहीत, असा गुडघा नोंदवहीत टिकलेलाच धरला जातो. त्याची वेदना त्या रकान्यात येत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूने, खुद्द रुग्णाला विचारणारे संशोधन उभे राहिले. १९९८ साली ऑक्सफर्डमध्ये बारा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. अशा प्रश्नावल्या हाती आल्यावर जे दिसले ते शल्यविशारदांना अनपेक्षित होते. कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतातल्या १,७०३ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ टक्के रुग्ण आपल्या नव्या गुडघ्यावर समाधानी नव्हते. इंग्लंडमधल्या आकड्यांनीही साधारण पाचातला एक असेच सांगितले. ओन्टारिओच्या अभ्यासात असमाधानाशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट एक्स-रेतही नव्हती आणि सांध्याच्या बनावटीतही नव्हती. शस्त्रक्रियेपूर्वी बाळगलेल्या अपेक्षा पुऱ्या न होणे, ही ती गोष्ट होती. ज्यांच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत त्यांच्यात असमाधानाचा धोका दहापटीहून अधिक होता. हा आकडा वाचल्यावर मला आईचा तो एकच प्रश्न आणि डॉक्टरांचे ते रोखठोक उत्तर आठवले, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला.

आणखी एक अभ्यास मी भावापासून काही दिवस लपवून ठेवला, कारण तो आईच्या हाती लागला असता तर तिने शस्त्रक्रिया सरळ नाकारली असती. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली : एका गटाचा गुडघा बदलून त्यांना बारा आठवडे व्यायाम व मार्गदर्शन, दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियेविना तेवढेच. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरानंतर शंभर गुणांच्या मापावर शस्त्रक्रियेच्या गटात ३२.५ गुणांची सुधारणा दिसली, नुसत्या व्यायामाच्या गटात १६ गुणांची. म्हणजे शस्त्रक्रिया दुप्पट सरस; परंतु व्यायामाच्या गटातही सुधारणा होतीच, त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्यानेच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली, आणि गंभीर स्वरूपाचे त्रास शस्त्रक्रियेच्या गटात २४ तर दुसऱ्यात ६ नोंदले गेले. अखेर मी तो आईपुढे ठेवला. तिने तीन महिने फिजिओथेरपी केली, मनापासून केली, आणि चौथ्या महिन्यात एका पहाटे चहाच्या वेळी स्वतःच म्हणाली की आता कापून टाकू या. त्यानंतर तो पत्र्याचा डबा उघडला आणि कार्ड निघाले.

आता रक्ताकडे. दुसरा नमुना द्यायला गेलो तेव्हा त्या तंत्रज्ञ मुलीला मी यंत्र दाखवण्याची विनंती केली. ती डिचोलीची निघाली. माझ्या एका विद्यार्थिनीची मावसबहीण. गोव्यात एवढी ओळख पुरते. तिने आईचे जेल कार्ड उजेडात धरून दाखवले. खेळण्यातल्या पत्त्याहून थोडे लहान असे प्लास्टिकचे कार्ड, त्यात सहा बारीक नळ्या आणि प्रत्येकीत साबुदाण्याच्या खिरीसारखा पारदर्शक जेल. फ्रान्समध्ये इव्ह लापिएर यांनी १९८० च्या दशकात ही युक्ती काढली. तांबड्या पेशी आणि प्रतिद्रव्य (परक्या पेशींना पकडणारे रक्तातले प्रथिन) यांची गाठ पडून पेशींचे पुंजके झाले, तर कार्ड गरगर फिरवल्यावर ते पुंजके जेलच्या चाळणीत वरच अडकतात. पुंजके झाले नाहीत तर सुट्या पेशी खाली घसरून नळीच्या बुडाशी टिकलीसारख्या बसतात. वर तांबडी रेघ म्हणजे होकार, तळाशी टिकली म्हणजे नकार, मध्ये विखुरलेले असेल तर दुबळा होकार. यंत्र नमुन्याचा बारकोड वाचते, थेंब मोजून टाकते, कार्ड फिरवते, कॅमेऱ्याने त्याचे चित्र घेते आणि प्रत्येक नळीला शून्यापासून चारपर्यंत श्रेणी देते.

यातली महत्त्वाची गोष्ट यंत्राचा वेग किंवा कॅमेरा नव्हे. सहा नळ्यांपैकी पहिल्या नळ्यांत रुग्णाच्या पेशी घेऊन विचारले जाते, की तुमच्या पृष्ठभागावर ए ही खूण आहे का, बी आहे का, आरएच आहे का. शेवटच्या दोन नळ्यांत उलट दिशेने, रुग्णाच्या रक्तद्रवाला विचारले जाते, की तुझ्यात ए विरुद्ध किंवा बी विरुद्ध प्रतिद्रव्य आहे का. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडलेला नियम असा, की पेशींवर जे नाही त्याच्या विरुद्धचे प्रतिद्रव्य रक्तद्रवात असते. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन स्वतंत्र उत्तरे मिळतात आणि ती एकमेकांना जुळलीच पाहिजेत. जुळली नाहीत तर यंत्र गट जाहीर करत नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो 'बॉम्बे' रक्तगट वर्णिला, तोही अशाच विसंगतीतून ओळखू येतो, मात्र रक्तद्रवाला 'ओ' पेशीही दिल्या तरच : पेशींना विचारले तर त्या 'ओ' असल्याचे सांगतात, आणि त्याच माणसाचा रक्तद्रव मात्र 'ओ' पेशींचेही पुंजके करतो. केवळ पेशींना विचारून थांबणाऱ्याने अशा रुग्णाला 'ओ' रक्त चढवले, तर ते जिवावर बेतू शकते.

आईच्या कार्डात बीची नळी वरपर्यंत लालभडक होती. एच्या नळीत मात्र तांबडे कण मध्येच रेंगाळलेले होते, आणि रक्तद्रवाला ए पेशी दिलेल्या नळीतही पुसटसे कण वर अडकले होते. म्हणजे पेशी म्हणत होत्या, 'आमच्यावर थोडेसे ए आहे'. रक्तद्रव म्हणत होता, 'मी एच्या विरुद्ध आहे'. एकाच माणसाच्या शरीरात दोन्ही खरे कसे असेल?

त्या मुलीने कपाटातून एक बारीक कुपी काढली. "हे ए१ लेक्टिन. कशापासून करतात, ओळखा," ती म्हणाली. मला सांगता आले नाही. "कुळथापासून."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. ज्या कुळथाचे पिठले आमच्याकडे पावसाळ्यात दिवसाआड होते, त्याच्या बियांच्या अर्कात, ए गटाचे ए१ आणि ए२ असे जे दोन मुख्य उपप्रकार आहेत त्यांतल्या ए१ प्रकारच्या तांबड्या पेशींना एकत्र ओढून त्यांचे पुंजके करणारे प्रथिन असते, आणि योग्य प्रमाणात पातळ केल्यावर ते ए२ पेशींना हात लावत नाही. हा शोध १९५१ साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी प्रसिद्ध केला, आणि तेव्हा ते पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात काम करत होते. जगभरच्या रक्तपेढ्यांत आजही कुळथाचे हे लेक्टिन वापरले जाते. आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्याला इतकी प्रतिष्ठा आहे हे मला पन्नाशी गाठेपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

आईच्या पेशींवर कुळथाच्या अर्काचा काहीही परिणाम झाला नाही. ती 'ए२बी' निघाली. ए१ पेशीवर 'ए'च्या सुमारे दहा लाख खुणा असतात, ए२ वर अडीच लाखांच्या आसपास, आणि सोबत बी असेल तर त्याहूनही कमी. शिवाय ए२बी गटाच्या साधारण चौथाई लोकांच्या रक्तद्रवात ए१ विरुद्ध प्रतिद्रव्य आढळते, आई त्यांतलीच. शिबिरात काचपट्टीवर निळ्या आणि पिवळ्या औषधाच्या थेंबात रक्त कालवून दोन मिनिटांत डोळ्यांनी पाहिले गेले असणार. बी झटकन गोळा झाले, ए हळूहळू होत होते, तोवर पुढचा माणूस हात पुढे करून उभा होता. शिवाय रक्तद्रवाला त्या दिवशी कोणी काही विचारलेच नाही. मला त्या अनोळखी माणसाचा राग आला नाही, कारण ही चूक तशी निरुपद्रवी होती : बी रक्त आईला चालले असते. धोका उलट दिशेने होता. हिमोग्लोबिन पुरेसे भरले असते आणि तिचे रक्त त्या कार्डाच्या भरवशावर एखाद्या बी गटाच्या रुग्णाला गेले असते, तर त्याच्या अंगातल्या ए-विरोधी प्रतिद्रव्याने ते सोडले नसते. रक्तपेढी पुन्हा तपासते म्हणून असे सहसा होत नाही, एवढेच.

दुसरा नमुना दुसऱ्या माणसाने, पुन्हा नाव विचारून का घेतला, हेही तेव्हा कळले. नळीत जे रक्त असेल त्याचा गट यंत्र अचूक सांगते. ते रक्त कोणाचे आहे हे त्याला कळत नाही. चुकीच्या माणसाचे रक्त चिठ्ठी लावलेल्या नळीत जाण्याचे प्रमाण पाश्चात्त्य रुग्णालयांतल्या अभ्यासांत साधारण दोन हजार नमुन्यांमागे एक आढळले आहे, आणि त्यावरचा उपाय कोणत्याही कॅमेऱ्यात नाही. तो खाटेपाशी, नाव विचारणाऱ्याच्या तोंडात आहे.

शस्त्रक्रिया दीड तास चालली. आईशी जुळवून ठेवलेली रक्ताची पिशवी वापरावी लागली नाही. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी ट्रॅनेक्सामिक ॲसिडला द्यावे लागेल. शोसुके आणि उताको ओकामोतो या जपानी दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलेले हे स्वस्त औषध झालेली रक्ताची गुठळी विरघळू देत नाही, आणि ते दिल्याने गुडघ्याच्या शस्त्रक्रियांत रक्त चढवण्याची गरज लक्षणीयरीत्या घटली आहे. एवढा खटाटोप करून शोधलेल्या गटाचा उपयोग न होणे हाच त्यातला उत्तम निकाल होता.

त्यानंतरचे दिवस सांगण्यात विशेष नाही : वॉकर, बर्फ, घोट्याचे व्यायाम, आणि भिंतीवर खडूने लिहिलेले अंश. ९०, ९५, १०२, ११०. तिथे थांबले.

वर्ष झाल्यावर मी तिच्याकडून ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची यादी भरून घेतली. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे १३ गुण होते. रात्रीची वेदना : नाही. जिना उतरणे : सहज. बाजारहाट : स्वतः. मग प्रश्न आला, की जेवणानंतर टेबलापाशी खुर्चीवरून उठताना किती दुखते. आईने मला विचारले, "टेबलावर जेवतं कोण?" मी सांगितले की तूच, वर्षभर. ती म्हणाली की ते जेवण नव्हे, ते औषधपाणी. गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, या प्रश्नावर तिने शून्य लिहायला लावले, आणि त्याखाली जमिनीवर बसण्याचा प्रश्न का नाही, असे विचारले. प्रश्नावली ऑक्सफर्डची आहे, बांदोड्याची नव्हे, हे मी तिला सांगून पाहिले. बेरीज ३९ आली. कोणत्याही शोधनिबंधात ती चांगल्या निकालांत मोडेल आणि तिथे ती खोटीही असणार नाही.

"समाधानी आहेस का?" असा यादीबाहेरचा प्रश्न मी शेवटी विचारला. तिने पायऱ्यांकडे पाहिले, मग स्वयंपाकघराकडे, जिथे भावाने सुताराकडून आदोळी उंच चौरंगावर बसवून घेतली आहे आणि समोर स्टूल ठेवले आहे. "पायऱ्यांपुरती आहे," ती म्हणाली. मी वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या : ३९, आणि त्यापुढे पायऱ्यांपुरती.

जुने कार्ड तिने टाकू दिले नाही. पत्र्याच्या डब्यात आता दोन कार्डे आहेत, एक 'बी'चे आणि एक 'ए२बी'चे, आणि दोन्हींवर जन्मतारीख वेगळी आहे.